पोच आणि पावती : सॉकेटच्या परिभाषेची चिकित्सा

संगणकाच्या परिभाषेविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा प्रतिशब्दाच्या रूपापाशी थांबते. शब्द संस्कृतोद्भव असावा की देशी, की इंग्रजी शब्दच नागरीत लिहून घ्यावा, ह्यावर वाद झडतात. परंतु तो शब्द ज्या व्यापाराचे नाव आहे त्या व्यापाराची घडण शब्दामुळे उघड होते की झाकली जाते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, जाळ्यावरील संपर्क कसा सांभाळतो, त्याच्या परिभाषेची ह्या दृष्टीने तपासणी करावयाची आहे.

१

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतून १९८३ साली बाहेर पडलेल्या युनिक्सच्या ४.२ बीएसडी ह्या आवृत्तीने सॉकेटला आजचे रूप दिले. सॉकेट हा शब्द त्यापूर्वी आर्पानेटच्या लेखनात १९७० पासून आढळतो. विजेचा खटका बसविताना आपण ज्या खोबणीला सॉकेट म्हणतो तीच प्रतिमा येथे आहे. आणि पहिला घोटाळाही तेथेच आहे. खोबणीत खुंटी बसली की तार जोडली जाते, आणि तार तुटली की दिवा विझतो. जाळ्यावरील ‘जोडणी’ला अशी तार नसते. दोन टोकांच्या दोन कर्नलांनी आपापल्या स्मृतीत ठेवलेल्या दोन नोंदी, एवढेच तिचे अस्तित्व. मधल्या मार्गाला तिची खबर असणे आवश्यक नसते. म्हणून मार्ग तुटला तरी नोंदी टिकतात. आणि एक नोंद पुसली गेली तरी दुसरी तिच्याविना उभी राहू शकते.

ही गोष्ट धडगावच्या परिसरात विशेष समजावून सांगावी लागत नाही. अक्राणी तालुक्याचे हे ठाणे सातपुड्यात वसले आहे. पाडे विखुरलेले, घरे टेकडीटेकडीवर. मोबाइलचा संपर्क एका वळणावर मिळतो, पुढच्या वळणावर जातो. पडद्यावर मात्र काम ‘चालू’ असल्याचे दिसत राहते. यंत्र खोटे बोलत असते असे नव्हे. त्याच्या नोंदीत जोडणी खरोखरच चालू असते. दोन्ही बाजू गप्प असतील तर ती नोंद आपण होऊन मोडत नाही. तिची चौकशी करण्याची सोय आहे, परंतु ती मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि मागितली तरी १९८९ च्या आरएफसी ११२२ ह्या मानकानुसार तिचा मूळ अवधी दोन तासांपेक्षा कमी ठेवता येत नाही. पाठविलेल्या मजकुराला उत्तर न आल्यास लिनक्सचा कर्नल तो पुन्हा पुन्हा धाडतो. मूळ मांडणीप्रमाणे आशा सोडण्यास त्याला पंधरा मिनिटांहून अधिक काळ लागतो. टेकडी उतरून जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा काळ फार मोठा आहे.

२

संपर्क जुळविण्याच्या क्रियेला इंग्रजीत ‘हँडशेक’ म्हणतात, आणि त्याचा शब्दशः अनुवाद ‘हस्तांदोलन’ असा होतो. हस्तांदोलन एकाच क्षणी, दोघांच्या स्पर्शाने होते. येथे स्पर्श नाही, एककाल नाही. एक बाजू ‘सिन’ ही खूण पाठविते; दुसरी तिची पोच देऊन स्वतःची ‘सिन’ पाठविते; पहिली त्या खुणेची पोच देते. मराठीत ह्यासाठी जुना, घरगुती शब्दप्रयोग तयार आहे : हाक मारणे आणि ओ देणे. दरीपलीकडे हाक मारणारा ‘ओ’ आल्याशिवाय निरोप सांगत नाही. आणि ‘ओ’ ऐकू आली हे पलीकडच्याला कळविल्याशिवाय पलीकडचाही कान देऊन उभा राहत नाही. रोमान याकोब्सन ह्यांनी १९६० साली भाषेच्या कार्यांत ज्याला संपर्ककार्य म्हटले, म्हणजे संपर्क जुळला आहे की नाही हे तपासण्यापुरते बोलणे, त्याचे इतके शुद्ध उदाहरण मानवी संभाषणातही विरळा.

मात्र एक भेद लक्षात घ्यावयास हवा. येथे ‘ओ’ देतो तो कर्नल. ज्या आज्ञावलीशी बोलावयाचे ती नव्हे. आज्ञावलीने ‘लिसन’ म्हटले की कर्नल दाराशी बसतो. अर्धवट जुळलेले संपर्क एका रांगेत, पुरते जुळलेले दुसऱ्या रांगेत तो उभे करतो; आज्ञावली सवडीने ‘ॲक्सेप्ट’ म्हणून एकेकाला आत घेते. म्हणजे हाक मारणाऱ्याला ‘ओ’ मिळाली तरी घरधन्याला त्याची चाहूलही लागलेली नसेल.

ह्या दुसऱ्या रांगेच्या लांबीला ‘बॅकलॉग’ असे नाव आहे. ‘बॅकलॉग’ला मराठी शासनव्यवहारात ‘अनुशेष’ हा प्रतिशब्द रुळला आहे, वि. म. दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर तर प्रादेशिक असमतोलाच्या चर्चेत तो घरोघरी पोचला. परंतु अनुशेष म्हणजे देणे असून न दिलेले, भरून काढावयाचे उरलेले. सॉकेटचा बॅकलॉग ही दाराबाहेर किती जणांना थांबू द्यावयाचे त्याची मर्यादा होय. ४.२ बीएसडीत ही कमाल मर्यादा ५ होती. लिनक्समध्ये ती दीर्घकाळ १२८ होती, २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून मूळची ४०९६ झाली. रांग भरली की नव्याची नोंद होत नाही. त्याचे देणेही उरत नाही. येथे ‘अनुशेष’ म्हणणे हा केवळ शब्ददोष नव्हे, तो अर्थाचा विपर्यास आहे. ‘रांगेची मर्यादा’ हे साधे शब्द येथे पुरेसे आहेत. ज्या मुलांची घरची बोली पावरी किंवा अन्य भिली आहे, आणि मराठी हीच ज्यांना शाळेत शिकावी लागते, त्यांच्या दृष्टीने तर साधेपणाचे मोल दुप्पट आहे.

३

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. ‘ॲकनॉलेजमेंट’ ह्या संज्ञेला मराठीत ‘पोच’, ‘पावती’ आणि ‘पोचपावती’ असे तीन शब्द आपण अदलून बदलून वापरतो. वास्तविक पोच आणि पावती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्र हाती आले हे कळविणे ही पोच. व्यवहार पुरा झाला ह्याचा पुरावा ती पावती. वाण्याकडे चिठ्ठी पोचली म्हणजे माल मिळाला असे कोणी मानीत नाही. ‘पोचपावती’ ह्या जोडशब्दाने हा भेद पुसट केला आहे, आणि संगणकाच्या क्षेत्रात त्याची किंमत मोजावी लागते.

आज्ञावली मजकूर ‘लिहिते’ आणि कर्नल यश कळवितो, तेव्हा मजकूर केवळ आपल्याच कर्नलच्या कोठारात पडलेला असतो. पलीकडून ‘ॲक’ येते तेव्हा तो पलीकडच्या कर्नलच्या कोठारात पोचलेला असतो. तेथील आज्ञावलीने तो वाचला, समजून घेतला, त्यानुसार नोंद केली, ह्यांपैकी काहीही त्या ‘ॲक’वरून सिद्ध होत नाही. कर्नल देतो ती पोच. पावती देणे हे त्याच्या अधिकारातच नाही. सॉल्टझर, रीड आणि क्लार्क ह्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी मांडलेल्या ‘टोकापासून टोकापर्यंत’च्या सिद्धान्ताचे मर्म हेच आहे : कार्य पुरे झाल्याची खात्री टोकांवरील आज्ञावलींनीच एकमेकींना द्यावयाची असते.

हा भेद पंडिती नाही. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी ह्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आला. पुढे शिधावाटपाच्या दुकानात अंगठ्याची खूण घेणारी यंत्रे आली. समजा, डोंगरातल्या एका दुकानात अंगठा लागला, मागणी दूरच्या संगणकाकडे गेली, तेथे ‘धान्य दिले’ अशी नोंद झाली, आणि उत्तर परत येताना संपर्क गेला. दुकानातील यंत्र अपयश दाखवील. केंद्रातील नोंद यश दाखवील. कर्नलच्या दृष्टीने दोन्ही बाजूंचे वर्तन निर्दोष आहे. रित्या हाताने परतणाऱ्या बाईला मात्र पुढच्या खेपेस ‘तुमचे धान्य उचलले गेले आहे’ असे ऐकावे लागेल.

असा पेच समूळ नाहीसा करता येत नाही. दोन टेकड्यांवरील दोन सेनापतींनी मधल्या बेभरवशाच्या दरीतून निरोप धाडून एकमताची पूर्ण खात्री करून घेणे अशक्य आहे, हे १९७५ सालीच दाखविले गेले आहे; शेवटच्या निरोपाची पोच नेहमीच बाकी राहते. परंतु पेच निरुपद्रवी करता येतो, आणि त्याची युक्ती आपल्या कचेऱ्यांच्या आवक-जावक नोंदवहीत पूर्वीपासून आहे. प्रत्येक मागणीस जावक क्रमांक द्यावा. उत्तर न आल्यास तीच मागणी त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवावी. घेणाऱ्याने तो क्रमांक आधी नोंदलेला असल्यास नवी नोंद न करता पूर्वीचेच उत्तर द्यावे. आणि माल प्रत्यक्ष हाती पडल्याची नोंद स्वतंत्र ठेवावी. हे काम कर्नलचे नव्हे. ते आज्ञावली लिहिणाराचे आहे.

४

सारांश, सॉकेटच्या परिभाषेत खोबणी, जोडणी, हस्तांदोलन ही रूपके प्रत्यक्ष व्यापारापेक्षा अधिक खात्री सूचित करतात. मराठी परिभाषाकारांनी तीच रूपके पुन्हा घडविण्याचे श्रम घेऊ नयेत. सॉकेट, पोर्ट, कर्नल हे शब्द जसेच्या तसे राहू द्यावेत. क्रियांसाठी मात्र ‘हाक’, ‘ओ’, ‘पोच’ हे आपले शब्द योजावेत, आणि ‘पावती’ हा शब्द कर्नलच्या प्रकरणात मुळीच वापरू नये. तो ज्याच्या हाती धान्य पडले त्याच्या बाजूने, व्यवहार पुरा झाल्यावरच वापरावयाचा शब्द आहे. विद्यार्थ्याला हा एक भेद भाषेनेच शिकविला, तर पुढे तो लिहील त्या आज्ञावलीत डोंगरावरच्या माणसाची नोंद चुकण्याचा संभव पुष्कळ कमी होईल.