कृष्णविवराची कक्षा आणि विज्ञानकथेतील संभवनीयता

जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि ती पारितोषिकास पात्र ठरली, ही हकीकत आपल्या विज्ञानकथा-समीक्षेत वारंवार येते. मात्र ती बहुधा लेखकाच्या वैज्ञानिक अधिकाराची ग्वाही म्हणून येते आणि समीक्षा तेथेच थांबते. शास्त्राच्या अचूकतेचा प्रश्न आपण शास्त्रज्ञांवर सोपवून मोकळे होतो. वस्तुतः तो रूपबंधाचाही प्रश्न आहे.

कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या मानवी वसाहतीची कल्पना घ्यावी. तेथे काळ संथ होतो, वसाहतीतील माणसे तरुण राहतात, मागे उरलेली वृद्ध होतात. अशा कथांचे कारुण्य या वियोगावर उभे असते. परंतु स्वतःभोवती न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती स्थिर वर्तुळाकार कक्षा श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या तिप्पट अंतरापर्यंतच शक्य असते. त्याच्या आत किंचित धक्काही कक्षा मोडण्यास पुरतो. या अखेरच्या स्थिर कक्षेत, दूरस्थ निरीक्षकाच्या ७ वर्षांत वसाहतीची सुमारे ५ वर्षे सरतात. पंचविशीतील आई तान्ह्या मुलीला मागे ठेवून तेथे राहिली, तर दोघींची वये जुळेपर्यंत मुलगी ८५ वर्षांची होते! याहून मोठा कालभेद हवा असेल, तर अस्थिर कक्षेत इंधन जाळत तोल सांभाळावा लागेल, किंवा अतिवेगाने फिरणारे विवर शोधावे लागेल.

भागवतातील ककुद्मी रेवतीसह ब्रह्मलोकी जाऊन येतो, तोवर पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटलेली असतात. पुराणकथेला इंधनाचा हिशेब द्यावा लागत नाही. विज्ञानकथेला ही सवलत नाही, आणि तीच तिची नाट्यशक्यता आहे असे मला वाटते.

जावळीच्या खोऱ्यात ‘वसाहत’ हा शब्द निरागस राहिलेला नाही. मेढ्याच्या एका अंगाला कोयनेचा शिवसागर, वेण्णेच्या खालच्या अंगाला कण्हेरचे पाणी. ‘बुडीत क्षेत्रा’ची रेषा कागदावर आखली जाते आणि तिच्या आतल्या गावांना उठावे लागते, हे येथील विद्यार्थ्याला शिकवावे लागत नाही. अखेरची स्थिर कक्षा ही निसर्गाने आखलेली तशीच रेषा आहे. तिच्या आत वसाहत टिकवायची तर इंधन कोणी पुरवायचे, ते संपत आल्यावर आधी कोणाला बाहेर काढायचे, हे प्रश्न कथेत गणिताच्याच वाटेने शिरतात. आपल्या अंतराळकथांत यानाचा वेग सांगणारी पात्रे पुष्कळ भेटतात. इंधनाची वही सांभाळणारे पात्र क्वचितच दिसते.