पोथीतली तलवार आणि तालमीतला पट्टा

‘रिक्लेमिंग द ब्लेड’ हा 2009 चा माहितीपट एका भारी प्रश्नाभोवती फिरतो. युरोपातली जुनी तलवारबाजी विसरली गेली, शिकवणारा उस्ताद उरला नाही, मग ती परत शिकायची कशी? उत्तर आहे, पोथ्यांमधून. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं ‘आय 33’ हे हस्तलिखित, इटलीच्या फिओरे देई लिबेरीचा ग्रंथ, 1570 चं योआखिम मायरचं पुस्तक. चित्रातल्या माणसानं पाय असाच का ठेवलाय, हे कळायला आजची पोरं मुखवटे घालून एकमेकांवर वार करून बघतात. जमलं नाही तर पुन्हा पान उघडायचं.

ही खटपट अख्खा सिनेमा व्यापेल एवढी मोठी आहे. पण व्हिगो मॉर्टेन्सन आणि कार्ल अर्बन आले की कॅमेरा त्यांच्यामागे पळतो. निवेदनसुद्धा गिमली झालेल्या जॉन ऱ्हिस-डेव्हिसचं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मलाही पाठ आहे, पण त्यासाठी हा माहितीपट कशाला? यातला खरा माणूस बॉब अँडरसन. ऑलिंपिक खेळलेला, पुढं डार्थ व्हेडरच्या पोशाखात लढलेला. तो बोलतो तेव्हा तलवार हातात असल्यासारखी वाटते.

मंगळवार पेठेत बसून बघताना एक गोष्ट मात्र खटकत राहते. पश्चिमेची तलवार पश्चिमेतच राहिली, असं सिनेमा धरून चालतो. आपल्याकडची ‘फिरंग’ म्हणजे युरोपातून आलेलं पातं आणि त्याला इथली मूठ. पातं तेच, पण चालवायची तऱ्हा पार वेगळी. दांडपट्ट्यात तर हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत जातो. मनगट वळतच नाही, त्यामुळं वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो, सगळं अंग फिरवावं लागतं. लांब तलवार दोन्ही हातांनी धरून पात्याला पातं भिडवणाऱ्या जर्मन पद्धतीला हे अंग माहीतच नाही.

आणि आमचं नेमकं उलटं आहे. त्यांच्याकडं डॉक्युमेंटेशन आहे, सिस्टीम बंद पडलेली. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात सिस्टीम चालू आहे, डॉक्युमेंटेशन वस्तादाच्या डोक्यात. 2024 मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र झाला, आनंदच आहे. पण शिवजयंतीच्या मिरवणुकीतलं जे रीलवर येतं, ते लिंबू कापणं आणि गरगर फिरणं. समोरच्याचा वार अंगावर घेऊन शिकायचा खेळ म्हणजे फरी-गदगा. हातात चामड्यानं मढवलेली काठी आणि छोटी ढाल. त्याचं रील कोण बघणार?

या सिनेमातून उचलायचं असेल तर तेवढंच उचलावं. कॅमेरा पात्यावरून काढून पायांवर न्यावा, पवित्रा कसा बदलतो ते सावकाश दाखवावं, आणि वस्ताद ‘असं नाही, असं’ म्हणतो तेव्हा त्या दोन ‘असं’मधला फरक काय, ते त्यांनाच विचारावं.