प्रतिसाद कोणाचा? ‘अमेझिंग ग्रेस’ आणि आपला प्रेक्षक

आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात ‘अमेझिंग ग्रेस’ हा माहितीपट दाखवला गेला. अ‍ॅरेथा फ्रँकलिन या काळ्या अमेरिकन गायिकेच्या दोन रात्रींच्या गायनाचा हा चित्रपट. तो संपल्यावर संगीताची जाण असलेले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘‘स्वर्गीय आवाज! अशा सुराला जात नसते, वर्ण नसतो.’’ चळवळीतला एक विद्यार्थी म्हणाला, ‘‘सर, दीड तास देवाचा धावा. यात आपलं काय?’’ मागच्या रांगेतल्या चारपाच मुली मात्र काहीच बोलल्या नाहीत. त्या पहिल्या गाण्यापासून ठेका धरून टाळ्या वाजवीत होत्या आणि त्यांना दोनदा दटावून गप्प बसवण्यात आले होते. पहिल्या दोन प्रतिक्रियांचा समाचार घेणे आवश्यक आहे. पण मला खरे मोल वाटते ते या दटावलेल्या टाळ्यांचे.

हे गायन 1972च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये झाले. 1965 साली याच वॉट्समध्ये काळ्यांचा उठाव झाला होता. त्यात 34 माणसे मेली. चर्चची इमारत पूर्वी चित्रपटगृहाची होती. तोवर अ‍ॅरेथा कीर्तीच्या शिखरावर होती. मोठमोठी सभागृहे तिच्यासाठी खुली असताना ती आपल्या माणसांच्या वस्तीत गायला आली, ही गोष्ट मी महत्त्वाची मानतो.

या चित्रपटातला प्रेक्षक स्वस्थ बसत नाही. ओळ संपण्याआधी तो तिला उत्तर देतो. बायका उठून नाचतात, कुणाला आवेग आवरत नाही, शेजारचे तिला धरतात. पियानोवर साथ करणारे रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड गाणे चालू असतानाच तोंड झाकून रडतात. या उत्तरावर गायिका पुढची तान बेतते. म्हणजे इथे श्रोता हा गाण्याचा अर्धा कर्ता आहे. वामनदादा कर्डकांचे गाणे वस्तीत ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ध्रुपद समोरची माणसे उचलतात, मध्येच कुणी उठून पेटीवर नोट ठेवतो, त्याचे नाव पुकारले जाते आणि गाणे पुन्हा चढते. त्या मुलींनी केले ते एवढेच. त्यांना ‘शिस्त’ शिकवणाऱ्यांनी रसिकतेची एकच रीत खरी मानली होती : हात मांडीवर, मान किंचित डोलती.

‘सुराला जात नसते’ हे विधान उदार वाटते. प्रत्यक्षात ते पुसून टाकणारे आहे. ज्या स्तोत्रावरून चित्रपटाला नाव मिळाले, ते अठराव्या शतकात जॉन न्यूटन या इंग्रजाने लिहिले. हा मनुष्य एके काळी गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजाचा कप्तान होता. ज्यांना साखळदंडात वाहून नेले, त्यांच्या वंशजांनी ते स्तोत्र उचलले, त्याची गती बदलली आणि त्यात आपला श्वास भरला. अ‍ॅरेथा ते सुमारे अकरा मिनिटे गाते. त्या अकरा मिनिटांचा इतिहास वजा करून उरलेल्याला ‘स्वर्गीय’ म्हणणे ही कसली समीक्षा? दुसऱ्या रात्री मागे बसलेला मिक जॅगर दिसताच आमच्या सहकाऱ्यांनी आनंदाने त्याचे नाव घेतले. गायकवृंदातल्या एकाचेही नाव त्यांनी विचारले नाही.

आता त्या विद्यार्थ्याविषयी. मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला बौद्ध आहे. त्या प्रार्थनेतला देव माझा नाही. पण मालकाच्या अमेरिकेत काळ्यांच्या स्वतःच्या मालकीच्या ज्या थोड्या संस्था होत्या, त्यांत चर्च पहिले. सभा तिथे भरल्या, मोर्चे तिथून निघाले. अ‍ॅरेथाचे वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांनी 1963 साली डेट्रॉइटमध्ये मार्टिन ल्यूथर किंगसोबत प्रचंड मोर्चा काढला होता. अँजेला डेव्हिसच्या जामिनाचे पैसे भरायची तयारी अ‍ॅरेथाने 1970 साली जाहीर केली होती. हे ठाऊक नसता ‘अफू’ म्हणून हात झटकणे सोपे आहे. हे गायन झाले त्याच 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव काळ्यांच्या चळवळीकडून घेतले. नाव घेतलेल्यांनी गाणे ऐकण्याचे कष्टही घ्यावेत.

याचा अर्थ चित्रपट निर्दोष आहे असा नाही. क्लीव्हलंड बोलतात, वडील लेकीचे कौतुक सांगतात, पियानोशी येऊन तिचा घामेजला चेहरा पुसतात. ती स्वतः मात्र गाण्याबाहेर जवळजवळ बोलतच नाही. पुरुषांनी मांडलेल्या मंचावर स्त्रीचा कंठ तेवढा मोकळा, हे दृश्य आपल्या जलशांनाही परके नाही.

आणि तिच्या संमतीचे काय? दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांनी चित्रणाच्या वेळी क्लॅपर वापरला नाही, त्यामुळे ध्वनी आणि चित्र जुळेना. ध्वनिमुद्रिका 1972 सालीच निघून लाखोंनी खपली. चित्रपट मात्र अनेक दशके पडून राहिला. तंत्राने तो प्रश्न सुटल्यावर अ‍ॅरेथानेच न्यायालयात जाऊन प्रदर्शन रोखले, 2011 साली आणि पुन्हा 2015 साली. 2018च्या ऑगस्टमध्ये ती वारली. नोव्हेंबरमध्ये, तिच्या कुटुंबीयांच्या संमतीने, चित्रपट पडद्यावर आला. ‘पाहायला मिळाला हे भाग्य’ असे आपण सारेच म्हणालो, मीही म्हणालो. हयात असताना तिने दिलेला नकार मात्र आमच्या चर्चेत कुणी उच्चारला नाही. शोषितांची कला आवडणे आणि त्या कलेवरचा त्यांचा हक्क मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला टाळ्या पुरतात. दुसरीसाठी आपली सवय मोडावी लागते.

पुढच्या सत्रात हा चित्रपट पुन्हा दाखवायचे ठरवले आहे. आधी तिच्या नकाराची हकीकत सांगेन. मग दिवे मालवू, आणि त्या मुलींना पहिल्या रांगेत बसवू.