कांद्याच्या मुळाची हाक

चाकणला मोटारींचे कारखाने आले, तरी कांद्याचा बाजार टिकून आहे. तिथे कांदा पारखतात तो रंगावर, आकारावर आणि पत्तीवर. मुळं काढणीच्या वेळी शेतातच राहिलेली असतात. मला मात्र या पिकातलं सगळ्यांत देखणं काम त्या मुळांचंच वाटतं.

कांद्याची मुळं तोकडी, उथळ. त्यांना मूळरोम जवळपास नसतातच. स्फुरद मातीत फारसा हलत नाही. मुळालगतचा मिलिमीटर-दोन मिलिमीटर पट्टा रिकामा झाला, की उपासमार सुरू. मग मूळ स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्यं मातीत सोडतं. त्यांच्या नखभर अंशानेही, मुळाला स्फुरद आणून देणाऱ्या मातीतल्या बुरशीच्या तंतूंना भराभर फांद्या फुटतात, हे जपानच्या कोहकी अकियामा यांनी सहकाऱ्यांसह 2005 साली दाखवलं. बुरशीही कायटिनच्या छोट्या साखळ्या पाठवून उत्तर देते. ते पोचताच मुळाच्या पेशीकेंद्रात कॅल्शियमची पातळी ठरावीक ठेक्यात वरखाली होऊ लागते. जुगलबंदीत तबल्याने सतारीचा बोल उचलावा, तसं हे सवाल-जवाब.

यापुढची जागा मला सर्वांत आवडते. तंतू आत शिरण्याआधीच पेशी त्याच्यासाठी स्वतःमधून वाट आखून ठेवते, आणि पेशीकेंद्र पुढे सरकत ती दाखवतं. आतल्या पेशीत पोचल्यावर बुरशी इवल्या झाडासारखी फांद्या फोडत जाते. प्रत्येक फांदीवर पेशी आपलं पातळ आवरण ताणून धरते. त्यामुळे पाहुणा घरात असूनही पेशीद्रवाला त्याचा स्पर्श होत नाही. सगळी देवघेव त्या आवरणातून चालते: स्फुरद आत, साखर आणि स्निग्धाम्लं बाहेर. ही बुरशी स्वतः स्निग्धाम्लं बनवू शकत नाही, ती वनस्पतीच पुरवते, हे 2017 साली पक्कं झालं. बुरशीचं हे इवलं झाड जगतं जेमतेम काही दिवस. स्फुरद आत घेणारं प्रथिनच बिघडलं, तर पेशी हे झाड अकालीच मोडून टाकते. असा चोख हिशेब!

डीएपी या स्फुरदयुक्त खताचा हात सैल सुटला, की पोट भरलेलं मूळ स्ट्रिगोलॅक्टोनची हाक आवरतं घेतं. आणि हाक परक्यांनाही ऐकू जाते. ज्वारीच्या मुळावर जगणाऱ्या टारफुल्याचं बी याच द्रव्यांनी जागं होतं. ज्वारीच्या काही वाणांत मात्र या रेणूची घडण जराशी वेगळी असते. त्याने टारफुला फारसा उठत नाही. बुरशीला तो रेणू तरीही कळतो.