ऑक्सिमीटरचा आकडा कुणाच्या बोटांवर ठरला?

अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवा, बोट लालभडक दिसतं. शरीरातून आरपार आलेला प्रकाश वाचायचा, एवढीच युक्ती. दातामागून प्रकाश टाकला तर किडलेली जागा काळसर दिसते. ऑक्सिमीटर तेच बोटावर करतो. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत हा चिमटा राज्यभर घरोघरी फिरला, आपल्या बुलडाणा जिल्ह्यातही.

त्याच डिसेंबरात मायकेल शोडिंग आणि सहकाऱ्यांचं छोटं पत्र 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलं. ते जरूर वाचा. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवतोय, पण धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन ८८ टक्क्यांखाली: असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आढळलं, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा. म्हणजे यंत्र "ठीक आहे" म्हणतंय आणि माणूस गुदमरतोय.

निष्कर्ष मला पटतो. पण पद्धत नीट बघा. त्वचेचा रंग कुणी मोजलाच नाही. रुग्णाच्या नोंदीतला वंश घेतला. रंगाच्या जागी वंश चालतो का? आपल्याकडे एकाच घरात दोन भावांचे रंग वेगळे असतात! शिवाय दोन मोजमापांत दहा मिनिटांपर्यंत अंतर चालवून घेतलंय, आणि अत्यवस्थ रुग्णाचा ऑक्सिजन तेवढ्यात बदलू शकतो. अर्थात ही अडचण दोन्ही गटांना सारखीच, त्यामुळे तफावत त्यानं पुसली जात नाही.

मला जास्त खटकतं ते 'का?' हे. यंत्र लाल (साधारण ६६० नॅनोमीटर) आणि अवरक्त (९४०) प्रकाश टाकतं आणि नाडीबरोबर हलणारा भागच मोजतं. मग स्थिर असलेलं मेलॅनिन गणितातून आपोआप वजा व्हायला हवं ना? कागदावर होतंही. पण एलईडीचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा नसतो, आणि गुणोत्तरावरून टक्केवारी काढायचा तक्ता निरोगी स्वयंसेवकांवर बनवलेला असतो. त्यांच्यात सावळे किती होते, हा प्रश्न पत्राच्या आवाक्यात नव्हता. तुमच्या आवाक्यात आहे.

मात्र सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक ध्यानात घ्या. पडताळ्यासाठी धमनीतलं रक्त लागतं. ती सुई चांगलीच दुखते, आणि केवळ अभ्यासासाठी ती टोचायला नैतिकता समिती सहजासहजी हो म्हणणार नाही. म्हणून ज्यांचं रक्त उपचारासाठी तसंही काढलं जातं, त्या आयसीयूतल्या रुग्णांपासून सुरुवात करा; त्वचेचा रंग यंत्रानं मोजा, आणि ऑक्सिमीटरचं मॉडेल, नखावरची मेंदी, बोट गार होतं का, सगळं लिहून ठेवा.