मागणीवरून लिहिलेलं

शांताबाई शेळक्यांवर लिहिलेला कुठलाही लेख काढून बघा. तिसऱ्या-चौथ्या ओळीत ‘सहज’ हा शब्द येतोच. सहजसुंदर, सहजस्फूर्त, सहजसोपं. पन्नास माणसांचा स्वयंपाक उरकला की पुरुषमंडळी म्हणतात ना, ‘हिला काय, सहज जमतं,’ तसंच हे. ज्यांनी पीठ मळलेलं नाही त्यांनाच पोळी सहज वाटते.

दुसरा एक शब्द जरा दबक्या आवाजात येतो. बाईंनी ‘फार’ लिहिलं. कविता, गाणी, कथा, कादंबऱ्या, ललितलेख, सदरं, अनुवाद, मुलांसाठी पुस्तकं. आणि त्यातलं पुष्कळसं कुणीतरी मागितलं म्हणून लिहिलं. इथे समीक्षकांचा चेहरा थोडा बदलतो. मागणीवरून लिहिलेलं म्हणजे दुय्यम, आतून आलेलं तेवढंच खरं, असा आपल्याकडे एक समज मुरलेला आहे. मला भांडायचं आहे ते या समजाशी.

आधी बाईंचे दिवस कसे गेले ते बघू या. जन्म 1922 चा, इंदापूरचा. शिक्षण पुण्यात, हुजूरपागा आणि मग एस. पी. कॉलेज. मराठी घेऊन एम. ए. झाल्या. अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये पाच वर्षं उपसंपादक. उपसंपादक म्हणजे आलेला मजकूर तपासायचा, कापायचा, आणि जागा उरली की स्वतः लिहून भरायची. तिथे ‘आज सुचत नाही’ हे कारण चालत नाही. मग प्राध्यापकी, नागपूरला हिस्लॉपमध्ये, पुढे मुंबईत. लग्न केलं नाही. नोकरी आणि लेखणी यांच्यावर पोट. चित्रपटासाठी गाणी ‘राम राम पाव्हणं’पासून, म्हणजे 1950 पासून. काही गाणी ‘वसंत अवसरे’ या नावाने. पुरुषाचं नाव. त्याबद्दल पुढे बोलते.

अशा दिवसांत कविता कधी लिहायची? 1947 च्या ‘वर्षा’पासून ‘गोंदण’, ‘अनोळख’, ‘पूर्वसंध्या’पर्यंत त्यांनी ती लिहिली. सुरुवातीच्या कवितेवर रविकिरण मंडळाची छाया स्पष्ट दिसते. गोडवा जरा जास्त, दुःखालासुद्धा अत्तर लावलेलं. पुढे पुढे तो गोडवा ओसरला आणि ओळी कोरड्या, नेमक्या झाल्या. माझं मत असं की हा बदल त्यांच्या कामाने घडवला. नेमकेपणा त्या गाण्यांत शिकल्या.

हे आपल्या भागातल्या बायकांना वेगळं समजावून सांगायला नको. पर्युषण आलं की बस्तीत महिला मंडळाची भजनं बसतात. चाल सिनेमाची, शब्द आपले. वहीत बारा कडवी लिहिणं अवघड नसतं, ती चालीत बसवणं अवघड. चाल जिथे श्वास घेते तिथेच नेमका शब्द तुटतो आणि ‘महावीर’चं ‘म… हावीर’ होऊन बसतं. कुठे दोन मात्रा कमी पडतात, मग आपण एक ‘हो’ घालतो, एक ‘गं’ घालतो. अर्ध्या भजनात ‘हो’च जास्त असतात. हे ज्यांनी केलंय त्यांनी शांताबाईंची गाणी ऐकताना एक गंमत करून बघावी. भरीचा शब्द शोधावा. मी शोधला आहे. फार थोडे सापडतात, आणि सापडतात तिथे तो शब्द त्या माणसाच्या बोलण्याच्या लकबीसारखा येतो. ‘मी डोलकर’, ‘वादळवारं सुटलं गो’, ‘राजा सारंगा’ या कोळीगीतांत ‘गो’ येतो तो असा. खेड-मंचरकडे बालपण गेलेली ही बाई, समुद्र काही अंगणात नव्हता. तरी ते ‘गो’ उपरं वाटत नाही.

चित्रपटाच्या धंद्यात चाल आधी आणि शब्द नंतर हा नेहमीचाच प्रकार. कवीला विचारलं तर तो सांगेल की हे दुसऱ्याने बेतलेल्या कापडावर शिवणं झालं. पण धारवाडकडची कसुती बघा. तिथेसुद्धा कापड आधीचं, विणलेलं. त्यावर पेन्सिलने नक्षी काढून घेत नाहीत. ताणा-बाणा मोजत जायचं, इतके धागे सोडायचे, इतके उचलायचे. एक धागा चुकला की गोपुराचा कळस वाकडा. गाठ मारायची नाही. गवंती आणि मुरगी या टाक्यांत तर उलट बाजू सुलट बाजूसारखीच दिसली पाहिजे. ही मोजणी करणाऱ्या बाईला कुणी म्हणतं का, की कापड तुझं नाही म्हणून नक्षी तुझी नाही?

योगायोग असा की शांताबाईंच्या एका फार गाजलेल्या गाण्यात हाच कर्नाटकी कशिदा आहे. ‘रेशमाच्या रेघांनी’. 1964 चा भालजींचा ‘मराठा तितुका मेळवावा’, संगीतकार ‘आनंदघन’, म्हणजे लताबाईच, आणि आवाज आशाबाईंचा. लावणीच्या ठसक्याचं गाणं, म्हणून त्यातला नखरा सगळ्यांना ऐकू येतो. मला त्यात आधी ऐकू येतो तो कारागिणीचा तोरा. ही बाई साडीला हात लावू देत नाही, आणि पहिलं कारण हे सांगते की हे भरतकाम मी स्वतः केलंय. रूप नंतर, कसब आधी. लावणीतली नायिका अंगावरच्या शालू-पैठणीचं कौतुक नेहमीच करते, पण तो बहुधा कुणीतरी घेऊन दिलेला असतो. ‘मी केलं’ म्हणणारी विरळा.

(एक तक्रारही नोंदवून ठेवते. गाण्यात राघू-मोर आहेत ते बरोबर, कसुतीत ते असतातच. पण फुलावेलींची नक्षी? कसुती चालते सरळ आणि तिरप्या रेघांनी, वेल तिथे जिन्यासारखी पायऱ्या पायऱ्यांनी चढते. इरकलीवर कसुती काढणारी कुठलीही आजी हे गाणं ऐकताना या जागी हसेल. चाल आणि यमक मात्र पक्कं आहे, म्हणून हसून सोडूनही देईल.)

आता अवघड जागेकडे येते. ‘तोच चंद्रमा नभात’. सुधीर फडक्यांनी गायलेलं हे गाणं एका जुन्या संस्कृत श्लोकावरून सुचलेलं आहे, हे पुष्कळांना ठाऊक असतं. तो श्लोक शीलाभट्टारिका या कवयित्रीच्या नावावर आहे, हे फार थोड्यांना. श्लोकात बोलते ती स्त्री. पती तोच, चैत्राच्या रात्री त्याच, वारा तोच, तरी तिचं मन रेवेच्या काठी, त्या वेताच्या झाडापाशी ओढ घेतं. म्हणजे तिच्यात अजून हवंसं वाटणं जिवंत आहे, नव्हे, ते तिला बसू देत नाही. शांताबाईंच्या गाण्यात बोलतो तो पुरुष. समोर तीच प्रेयसी आहे, पण पहिल्या प्रीतीची खूण उरलेली नाही. ओढ गेली आणि रितेपण आलं.

गाणं म्हणून ते निर्दोष आहे. एवढा दाट श्लोक इतक्या स्वच्छ मराठीत उतरवणं हे काम किती जणांना जमलं असतं? तरीही मला दर वेळी खुपतं की हजारेक वर्षांपूर्वी एका बाईने धीटपणे स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं, ते मराठीत येताना एका बाईच्याच हातून पुरुषाच्या तोंडी गेलं. आणि मूळची ती अस्वस्थ, हट्टी इच्छा सभ्य उदासीत बदलली. ‘वसंत अवसरे’ या नावाने काही गाणी लिहिली गेली त्याची व्यावहारिक कारणं असतील ती असोत. पण पुरुषाचा आवाज बाईंना किती सफाईने घेता येत होता, आणि त्या काळी तो घेणं किती सोयीचं होतं, हे या गाण्यात दिसतं. मागणीवरून लिहिण्याची खरी किंमत असली तर ती इथे आहे. शब्द खालावत नाहीत. बोलणारं माणूस बदलतं.

ही किंमत बाईंना कळत नसेल असं मात्र मला वाटत नाही. त्यांनी ‘लिटल विमेन’चा अनुवाद केला, ‘चौघीजणी’. आपल्यापैकी किती जणी त्या पुस्तकावर वाढल्या! लुइझा मे अल्कॉटने ते पुस्तक लिहिलं तेच मुळी प्रकाशकाने मुलींसाठी काहीतरी द्या म्हणून मागितलं तेव्हा, 1868 साली. तिला त्यात फारसा रस नव्हता. घर चालवायचं होतं. कादंबरीतली जोसुद्धा पैशासाठी सनसनाटी गोष्टी लिहिते, त्या पैशातून घरासाठी वस्तू येतात, आणि पुढे प्राध्यापकांनी तसल्या लिखाणाला नावं ठेवल्यावर ती त्या जाळून टाकते. अमेरिकेतली एक मिळवती लेखिका, तिने रंगवलेली दुसरी मिळवती लेखिका, आणि त्या दोघींना मराठीत आणणारी तिसरी. जोचं नाइलाजाने लिहायला बसणं ‘चौघीजणी’त इतकं घरगुती, इतकं ओळखीचं वाटतं याचं कारण अनुवादाच्या कौशल्याइतकंच हेही असावं. फरक एवढाच, की शांताबाईंनी आपलं काही जाळलं नाही. गाणी गाण्यांच्या जागी ठेवली, कविता कवितेच्या. आठवणींच्या पुस्तकाला नाव दिलं ‘धूळपाटी’. धुळीवर गिरवायचं, पुसायचं, पुन्हा गिरवायचं ती पाटी. स्फूर्तीवर जगणाऱ्या कवीला हे नाव सुचलं नसतं. रोज बसणाऱ्याला सुचतं.

त्यांचे ललितलेख यापेक्षा मोठ्या चर्चेला पात्र आहेत. ‘आनंदाचे झाड’, ‘मदरंगी’ अशी पुस्तकं आहेत. सदराच्या जागेत मावेल एवढंच लिहायचं असल्यामुळे काही लेख रंगात येताच संपतात, ही खरी उणीव आहे. पण आठवडी मजकुरात एक पानही रडकं किंवा उपदेशाचं नाही, हे किती सदरलेखकांबद्दल म्हणता येईल?

1996 साली आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, म्हणजे मान मिळाला नाही असं नाही. तरी कार्यक्रमात निवेदक सांगतो, ‘आता ऐकू या लताबाईंचं…’, ‘आता बाबूजींचं…’. आणि आपल्या मंडळाच्या भजनाच्या वह्या उघडून बघा. वर डाव्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलेलं असतं : ‘चाल – रेशमाच्या रेघांनी’. खाली तीर्थंकरांचं भजन. त्या चालीवर आधी ज्यांनी शब्द बसवले त्यांचं नाव एकाही वहीत मला अजून दिसलेलं नाही.