स्लेज ओढण्याचं गणित: पुस्तक काय विचारत नाही

अकरावीपासून एमएस्सीपर्यंत एक गणित पुन्हा पुन्हा भेटतं. बर्फावर स्लेज, त्यावर बसलेलं मूल, आणि दोरीने ओढणारे आई किंवा बाबा. दोरीचा कोन दिलाय, घर्षणांक दिलाय, वस्तुमान दिलंय, बल काढा. दोन ओळींत उत्तर येतं. आज या गणिताची समीक्षा करूया, कारण पेटची तयारी करणारे बरेच जण संशोधन प्रस्तावही असाच लिहितात: सगळं 'दिलेलं आहे' असं धरून.

आधी त्याची चांगली बाजू. दोरी थोडी वर ओढली की वजनाचा काही भाग उचलला जातो आणि घर्षण कमी होतं. ज्या कोनाचा टॅन घर्षणांकाइतका, त्या कोनात सगळ्यात कमी बल लागतं. मूल आणि स्लेज मिळून २० किलो धरा, बर्फावर घर्षणांक ०.०५ धरा. उत्तम कोन जेमतेम ३ अंश, बल साधारण १० न्यूटन. म्हणजे आडवं ओढलं तरी चालतंय.

आता हेच बोर्ली पंचतनजवळ दिवेआगरच्या किनाऱ्यावर आणा. कोकणात बर्फ नाही, पण स्लेज आहे: पोफळीची गळून पडलेली विरी. एक पोर विरीत बसतं, दुसरं झावळीचं टोक धरून ओढत पळतं. वाळूवर घर्षणांक ०.५ धरला तर आडवं ओढायला ९८ न्यूटन लागतात. २७ अंशांच्या आसपास तेच ८८ वर येतं. सूत्र तेच, पण इथे कोन महत्त्वाचा ठरतो.

माझा पहिला आक्षेप घर्षणांकावर आहे. तो पुस्तकात आयता मिळतो, कुठून आला ते कोणी विचारत नाही. बाउडन आणि ह्यूज यांनी १९३९ मध्ये मांडलं की घासण्याच्या उष्णतेने बर्फाचा पातळ थर वितळतो आणि ते पाणी वंगणाचं काम करतं. वाळूत काही वितळत नाही. कोरड्या वाळूत विरीच्या पुढे ढीग साचतो आणि तोही ढकलावा लागतो. दोन्हीकडे घर्षणांक हाच शब्द, पण आतली यंत्रणा वेगळी.

ॲमस्टरडॅममधल्या डॅनियल बॉन यांच्या गटाने २०१४ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला. वाळू किंचित ओली केली की कणांमध्ये पाण्याचे सूक्ष्म पूल तयार होतात, वाळू घट्ट होते, पुढचा ढीग साचत नाही. योग्य प्रमाणात पाणी असेल तर बल जवळपास निम्म्यावर येऊ शकतं. पाणी जास्त झालं की ते पुन्हा वाढतं. ओहोटीने सोडलेला घट्ट पट्टा वरच्या भुसभुशीत वाळूपेक्षा ओढायला सोपा का, याचं उत्तर इथे मिळतं.

बातम्यांनी मात्र 'पिरॅमिडचं कोडं सुटलं' असं करून टाकलं. या शोधनिबंधात आधार घेतलेलं जेहुतीहोतेपच्या थडग्यातलं चित्र एका प्रचंड पुतळ्याचं आहे. स्लेजपुढे एक माणूस पाणी ओततोय. शिवाय ते गिझाच्या पिरॅमिडांनंतर काही शतकांनी काढलेलं. ही युक्ती शक्य होती, एवढं निबंध दाखवतो. साहित्य आढावा लिहिताना बातमी नको, मूळ निबंध वाचा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गणितात मुलाच्या जागी दगड ठेवला तरी उत्तर बदलत नाही. नॉर्वेत क्रॉस-कंट्री स्कीइंग करणारे पालक लहान मुलांना 'पुल्क' नावाच्या स्लेजमध्ये ओढतात. ती कमरेला दोरीने नाही, ताठ दांड्यांनी जोडतात. कारण उतारावर दोरी सैल पडेल आणि स्लेज ओढणाऱ्याच्या टाचांवर येऊन आदळेल. पुस्तकातल्या गणितात उतारच नसतो, मग दांडीची गरज दिसणार कुठून?

आणि ओढणारा घामाघूम असताना मागचं मूल निश्चल बसलेलं असतं. हवा तीच, पण एकाचं शरीर भरपूर उष्णता तयार करतंय, दुसऱ्याचं फारच कमी. 'फार थंडी नाही' हा ओढणाऱ्याचा अंदाज मुलाच्या बाबतीत निरुपयोगी आहे. थांबून मुलाची मान आणि हातपाय तपासावेच लागतात. आपण मात्र फक्त ओढणाऱ्याचं बल मोजून मोकळे होतो.

म्हणून प्रस्ताव लिहिताना दोन प्रश्न समासात लिहून ठेवा. हा आकडा कुठल्या परिस्थितीत मोजला होता? आणि मी ज्याचं मोजतोय, परिणाम त्याच्यावरच होतोय का?

सराव करायचा असेल तर विरीला स्प्रिंगचा काटा बांधा आणि कोरडी, दमट, पाण्याखालची अशा तीन पट्ट्यांवर प्रत्येकी दहा वेळा ओढून नोंदी घ्या. विरीत वाळूचं पोतं ठेवा, मूल नको. मुलांवर प्रयोग करायचा तर आधी नैतिकता समितीची मंजुरी आणि पालकांची संमती लागते, हेही प्रस्तावात लिहायला शिकाल.